फुगवलेला नफा आणि शाश्वतता अहवाल : भागधारक, लेखापाल व अभ्यासकांचे नेहमीचे प्रश्न

इथली उत्तरे मुख्यतः भारतीय शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी आहेत. ब्राझील, इंडोनेशिया, चीन इथली उदाहरणे गरजेपुरतीच घेतली आहेत. जिथे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, तिथे तसे म्हटले आहे.

नफ्याची हेराफेरी हा हिशेबाचा विषय आणि शाश्वतता हा पर्यावरणाचा. दोन्ही एकत्र कशाला?

कारण दोन्ही अहवाल एकाच कारखान्याबद्दल बोलतात. नफा-तोटा पत्रक रुपयांत बोलते. शाश्वतता अहवाल युनिट, किलोलिटर, टन आणि माणसांच्या संख्येत बोलतो. कागदावर विक्री वाढवायला एक बनावट बिल पुरते. पण त्या बिलातला माल खरोखर तयार झाला असता तर वीज जळली असती, पाणी लागले असते, भंगार निघाले असते, पाळीवर माणसे वाढली असती. हे सगळे आकडे एकमेकांशी जुळतील असे खोटे लिहायचे तर दहा खात्यांतल्या लोकांना सामील करून घ्यावे लागते. ते बहुधा जमत नाही.

दुसरे कारण उलट दिशेचे आहे. शाश्वतता अहवालात ऊर्जा, पाणी, उत्सर्जन यांची 'तीव्रता' द्यावी लागते, म्हणजे दर रुपया उलाढालीमागे किती वापर झाला ते. छेदात उलाढाल आहे. उलाढाल फुगवली की तीव्रता आपोआप घटते आणि कंपनी जास्त 'हिरवी' दिसते. एका खोट्या आकड्यात दोन अहवाल सजतात.

हेराफेरी म्हणजे थेट गुन्हाच का?

नेहमी नाही. यात तीन थर आहेत. पहिला थर नियमांच्या चौकटीतला: घसाऱ्यासाठी यंत्राचे आयुष्य २० ऐवजी २५ वर्षे धरणे, बुडीत येण्यांची तरतूद जरा हात राखून करणे. ५०० कोटींच्या प्रकल्पावर आयुष्यातला एवढा बदल वर्षाचा घसारा २५ कोटींवरून २० कोटींवर आणतो आणि करपूर्व नफा ५ कोटींनी वाढतो. दुसरा थर खऱ्या व्यवहारांचा: मार्चअखेर वितरकांच्या गळ्यात जादा माल मारणे, देखभाल पुढे ढकलणे, प्रशिक्षण आणि संशोधनावरचा खर्च कापणे, गरजेपेक्षा जास्त उत्पादन करून स्थिर खर्च शिल्लक मालात जिरवणे. यात खोटे बिल नसते, म्हणून लेखापरीक्षकाला बोट ठेवता येत नाही. पण शाश्वततेचे खरे नुकसान इथेच होते. सुरक्षा, देखभाल आणि सांडपाणी प्रक्रिया हे खर्च सर्वांत आधी कापले जातात. तिसरा थर सरळ बनावटगिरीचा: नसलेली बँक ठेव, नसलेला ग्राहक.

बहुतेक मोठे घोटाळे पहिल्या थरातून सुरू होऊन तिसऱ्यात संपतात. एका तिमाहीचा खड्डा पुढच्या तिमाहीच्या विक्रीतून भरला की पुढच्या तिमाहीचा खड्डा दुप्पट होतो.

विकसनशील देशांत हे जास्त होते, हा आरोप खरा की पूर्वग्रह?

आरोपाला आधार आहे. ३१ देशांतील कंपन्यांची तुलना करणारा २००३ सालचा एक गाजलेला अभ्यास सांगतो की जिथे छोट्या गुंतवणूकदाराचे कायदेशीर संरक्षण दुबळे, तिथे नफ्याशी खेळ जास्त. कारण देश गरीब असणे हे नाही, तर मालकीची रचना. प्रवर्तक कुटुंबाकडे मोठा हिस्सा, खाली उपकंपन्यांची उतरंड, त्यांत फिरणारी कर्जे आणि खरेदी-विक्री. भारतात आणखी एक दाब आहे तो तारण ठेवलेल्या शेअरचा. प्रवर्तकाने शेअर गहाण टाकून कर्ज घेतले असेल तर भाव घसरताच सावकार जादा तारण मागतो. मग तिमाही निकाल चांगला दिसणे ही त्याची वैयक्तिक गरज होऊन बसते. तारण शेअरची टक्केवारी दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात असते. ती वाढत असेल तर बाकीचे आकडे दुप्पट बारकाईने पाहावेत.

अमेरिकेत एन्रॉन आणि जर्मनीत वायरकार्ड या कंपन्यांचे हिशेबाचे घोटाळे झाले. तेव्हा श्रीमंत देशांनी फार मिजास करू नये.

सामाजिक कामावर भरपूर खर्च करणारी कंपनी हिशेबातही प्रामाणिक असते ना?

यावर विसंबू नका. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सला सुशासनासाठी 'गोल्डन पीकॉक' जागतिक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली: ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २,७०० कोटींचा महसूल दाखवला होता, खरा होता २,११२ कोटी; २४ टक्के दाखवलेला परिचालन नफा प्रत्यक्षात ३ टक्के होता. पुरस्कार काढून घेतला गेला. राजू यांचे ग्रामीण विकासाचे आणि १०८ रुग्णवाहिका सेवेचे काम त्या काळी सर्वत्र वाखाणले जात होते, आणि ते काम खोटे नव्हते. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे: खरे समाजकार्य आणि खोटा ताळेबंद एकाच छताखाली सुखाने नांदू शकतात.

ब्राझीलच्या पेट्रोब्रासचे तेच. ही तेल कंपनी डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकात होती. लाचखोरीच्या तपासानंतर २०१५ मध्ये तिला तिथून काढले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने भ्रष्टाचारापोटी ६.२ अब्ज रिआल खर्ची टाकले.

संशोधनही दोन्ही बाजूंना झुकते. अमेरिकी कंपन्यांवरचा २०१२ चा अभ्यास म्हणतो, जबाबदार कंपन्या नफ्याशी कमी खेळतात. २६ देशांवरचा २००८ चा अभ्यास म्हणतो, नफ्याशी खेळणारे व्यवस्थापक हितसंबंधीयांना खूश ठेवण्यासाठी सामाजिक खर्च वाढवतात. आमच्या मते भारतासाठी दुसरा निष्कर्ष ध्यानात ठेवणे जास्त शहाणपणाचे.

बीआरएसआर म्हणजे काय आणि तो कुठे सापडतो?

बीआरएसआर म्हणजे व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल. शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबीने मे २०२१ मध्ये तो आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. वार्षिक अहवालात असतो, शिवाय दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाखाली वेगळा मिळतो. त्याचे तीन भाग: अ म्हणजे कंपनीची माहिती, ब म्हणजे धोरणे, क म्हणजे नऊ तत्त्वांनुसार कामगिरी. ब भाग सोडून द्या. तिथे सगळ्याच कंपन्या साधू असतात. आकडे अ आणि क मध्ये आहेत.

नेमके कोणते आकडे ताळेबंद तपासायला उपयोगी?

जुलै २०२३ च्या परिपत्रकाने 'बीआरएसआर कोअर' हा गाभा वेगळा काढला. त्यातल्या चार ओळी हिशेब तपासणाऱ्यासाठी सोन्यासारख्या आहेत, आणि गंमत म्हणजे पर्यावरणवाले त्यांच्याकडे पाहत नाहीत आणि हिशेबवाले हा अहवालच उघडत नाहीत.

पहिली ओळ देणी दिवसांची. एकूण देणी गुणिले ३६५ भागिले वर्षाची खरेदी. रचलेले उदाहरण घ्या: खरेदी ७३० कोटी, देणी १२० कोटी, म्हणजे ६० दिवस. पुढच्या वर्षी खरेदी तेवढीच, पण देणी २०० कोटी, म्हणजे १०० दिवस. परिचालन रोखप्रवाह ८० कोटींनी 'सुधारला', तोही पुरवठादाराचे पैसे अडवून. ब्राझीलच्या अमेरिकानास या किरकोळ विक्री साखळीत जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलेला २० अब्ज रिआलचा घोळ याच जातीचा: पुरवठादारांचे पैसे बँका आधी भागवत होत्या आणि त्या बँककर्जाची नोंद नीट होत नव्हती. भारतात सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत भागवणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ताळेबंदातल्या टिपेत त्यांची थकबाकी वेगळी द्यावी लागते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

दुसरी ओळ 'व्यवसायाचा खुलेपणा'. खरेदीपैकी किती ट्रेडिंग हाउसमार्फत, विक्रीपैकी किती वितरकांना, त्यातल्या पहिल्या दहांचा वाटा किती, आणि संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांशी किंवा कंपनीशी जोडलेल्या कंपन्या व माणसांशी) खरेदी, विक्री, कर्जे व गुंतवणूक किती टक्के, हे सगळे इथे दोन वर्षांचे शेजारी शेजारी असते. मार्चच्या तिमाहीत विक्री उसळली आणि पहिल्या दहा वितरकांचा वाटा २५ टक्क्यांवरून ४० वर गेला, तर माल विकला गेला की नुसता गोदाम बदलून बसला, हे विचारायला हवे.

तिसरी ओळ कामगारांची: ग्रामीण-निमशहरी-शहरी-महानगरी भागांत दिलेले वेतन; जोडीला अ भागातली कामगारसंख्या आणि सोडून जाण्याचे प्रमाण. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोधले की कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा भरणा झाला ते दिसते. कंपनी ३,००० माणसे सांगते आणि भरणा ४०० जणांचा असेल तर बाकीचे कंत्राटी असू शकतात. पण मग अहवालात ते कंत्राटी म्हणूनच दिसायला हवेत.

चौथी ओळ कचऱ्याची, हिच्याकडे फारच थोडे लोक पाहतात. किती टन धातूचा किंवा प्लास्टिकचा कचरा पुनर्वापरासाठी गेला, हे इथे टनांत असते. भंगार विक्रीचे उत्पन्न नफा-तोटा पत्रकाच्या टिपेत, बहुधा 'इतर परिचालन महसूल' या शीर्षकाखाली असते. रक्कम भागिले टन केले की किलोचा दर निघतो. तो बाजारभावाच्या निम्मा आला तर उरलेले पैसे रोखीने बाहेर गेल्याची शंका घ्यायला जागा आहे. दर बाजारभावापेक्षा फार जास्त निघाला तर भंगाराच्या नावाखाली दुसरीच विक्री दाखवली जात असेल.

वीज आणि उलाढाल यांची पडताळणी कशी करायची?

साधा कागद पुरतो. मागची तीन-चार वर्षे घ्या.

ऊर्जा अहवालात जूल किंवा गिगाजूलमध्ये असते. १ युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल, १ कोटी युनिट म्हणजे ३६,००० गिगाजूल. आधी सर्व वर्षे एकाच एककात आणा, कारण कंपन्या मधूनच एकक बदलतात आणि शून्ये सरकतात. मग त्याच वर्षांची उलाढाल लिहा, पण ती त्याच परिघाची हवी: ऊर्जा फक्त मूळ कंपनीची आणि उलाढाल उपकंपन्यांसह धरलेली, ही सर्वांत नेहमीची चूक. अहवालाच्या अ भागात परीघ स्वतंत्र की एकत्रित ते लिहिलेले असते.

रचलेले उदाहरण. पहिल्या वर्षी उलाढाल १,००० कोटी, वीज ६ कोटी युनिट म्हणजे २,१६,००० गिगाजूल. तीव्रता दर कोटीमागे २१६ गिगाजूल. दुसऱ्या वर्षी उलाढाल १,३०० कोटी, वीज ६.१ कोटी युनिट, तीव्रता सुमारे १६९. कंपनी अहवालात लिहील: 'ऊर्जा कार्यक्षमतेत २२ टक्के सुधारणा'. इथे थांबून विचारा: ३० टक्के जादा माल जेमतेम पावणेदोन टक्के जादा विजेत कसा निघाला?

आता त्याच पानावर 'भौतिक उत्पादनानुसार तीव्रता' अशी ओळ आहे का बघा, म्हणजे दर टनामागे किती ऊर्जा. तीही २२ टक्क्यांनी घटली असेल तर नवी भट्टी, नवे कॉम्प्रेसर असे काहीतरी स्थिर मालमत्तेच्या टिपेत दिसले पाहिजे. दर टनाची तीव्रता जागेवरच असेल तर टन वाढलेले नाहीत, फक्त रुपये वाढले आहेत. ती ओळच कोरी सोडली असेल तर प्रश्न आणखी ठळक होतो.

त्यापुढे उत्सर्जन. ग्रिडमधून घेतलेल्या दर १,००० युनिटमागे आपल्याकडे साधारण ०.७ टन कार्बन डायऑक्साइड धरतात. ६ कोटी युनिट म्हणजे ढोबळ ४२,००० टन. अहवालात २०,००० टन असेल तर उरलेली वीज सौर किंवा पवन असायला हवी, आणि ती नवीकरणीय ऊर्जेच्या ओळीत दिसायला हवी.

आकडे जुळले नाहीत म्हणजे घोटाळाच का?

नाही. निर्दोष कारणे बरीच असतात आणि आधी तीच तपासावीत. मालाचा भाव वाढला असेल. कंपनीने उत्पादनासोबत तयार माल घेऊन विकायला सुरुवात केली असेल. तेव्हा 'व्यापारी मालाची खरेदी' ही ओळ वाढते. ऊर्जा खाणारी प्रक्रिया जॉबवर्कला बाहेर दिली असेल. तेव्हा जॉबवर्कचा खर्च वाढतो. स्वतःचा सौर प्रकल्प असेल आणि तिथली युनिटे मोजायची राहिली असतील. या प्रत्येक कारणाचा पुरावा वित्तीय पत्रकात कुठेतरी असतोच. एकही सापडला नाही, तरच पुढचे पाऊल.

'हिरव्या' कंपनीत असे प्रत्यक्ष घडले आहे का?

जेन्सोल इंजिनिअरिंगवरचा सेबीचा १५ एप्रिल २०२५ चा अंतरिम आदेश वाचावा. सौर आणि विजेवरच्या गाड्यांच्या या कंपनीने इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी वित्तसंस्थांकडून एकूण ९७७.७५ कोटींची कर्जे घेतली होती. त्यातले ६६३.८९ कोटी ६,४०० गाड्यांसाठी होते. आदेशानुसार खरेदी झाली ४,७०४ गाड्यांची, ५६७.७३ कोटींत. कंपनीचा स्वतःचा २० टक्के वाटा धरल्यावर २६२.१३ कोटींचा हिशेब लागत नव्हता.

पण आमच्या विषयाचा भाग वेगळाच आहे. कंपनीने ३०,००० गाड्यांची पूर्वनोंदणी झाल्याचे शेअर बाजाराला कळवले होते. तपासात निघाले ते नऊ संस्थांशी केलेले २९,००० गाड्यांचे सामंजस्य करार, ज्यात किंमतही नव्हती आणि पुरवठ्याची तारीखही नव्हती. मग राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात गेला. तिथे दोन-तीन मजूर होते आणि उत्पादन सुरू नव्हते. बारा महिन्यांतले महावितरणचे सर्वांत मोठे बिल डिसेंबर २०२४ चे, १,५७,०३७ रुपये. गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचे हे बिल म्हणजे उत्तरच आहे. आदेश अंतरिम आहे हे लक्षात ठेवावे. पद्धत मात्र कोणालाही वापरता येण्याजोगी आहे.

चीनच्या लकिन कॉफीबाबत जानेवारी २०२० मध्ये आलेल्या निनावी अहवालानेही हेच केले होते: ९२ पूर्णवेळ आणि १,४१८ अर्धवेळ माणसे लावून दुकानांतली ११,२६० तासांची वर्दळ चित्रित केली आणि गिऱ्हाईक मोजले. एप्रिलमध्ये कंपनीने सुमारे २.२ अब्ज युआनची विक्री बनावट असल्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी आणखी कोणते सार्वजनिक कागद आहेत?

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र. ते मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात उत्पादनाचे नाव, कमाल परवानगी दिलेले उत्पादन, पाण्याचा वापर आणि बॉयलरचे इंधन लिहिलेले असते. परवानगी महिन्याला ५०० टनांची आणि दावा वर्षाला ९,००० टनांचा असेल, तर एक तर संमतीचा भंग आहे किंवा विक्रीचा आकडा खोटा. दोन्ही भागधारकाच्या कामाचेच. याशिवाय दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे 'फॉर्म पाच', यात दर नगामागे पाणी आणि कच्चा माल किती लागला ते असते. ज्यांना पर्यावरण मंजुरी लागते त्यांचे सहामाही अनुपालन अहवालही असतात.

रोखप्रवाहाची चाचणी कशी करावी?

निव्वळ नफ्यातून परिचालन रोखप्रवाह वजा करा आणि सरासरी एकूण मालमत्तेने भागा. नफा १२० कोटी, रोख १५ कोटी, मालमत्ता ९०० कोटी असेल तर उत्तर सुमारे ११.७ टक्के. एका वर्षी असे होऊ शकते. तीन वर्षे सलग ७-८ टक्क्यांच्या वर राहिले तर नफा कागदावरच साचतो आहे. पाच वर्षांच्या बेरजा घेणे आणखी चांगले.

जोडीला तीन गोष्टी. येण्यांचा वयतक्ता पाहा: सहा महिने, एक वर्ष, दोन, तीन आणि त्यापुढे अशी फोड २०२१ च्या दुरुस्तीनंतर ताळेबंदात सक्तीची आहे, अपूर्ण भांडवली कामांचाही असाच तक्ता असतो, आणि तीन वर्षांहून जुने 'काम चालू' दिसले तर तिथे खर्च लपवलेला असू शकतो. लेखापरीक्षकाच्या अहवालाचे परिशिष्ट पाहा: बँकेने खेळत्या भांडवलासाठी पाच कोटींवरची कर्जमर्यादा मंजूर केली असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणे वह्यांशी जुळतात का, ते तिथे सांगावे लागते. न जुळलेला फरक अनेकदा तक्त्यासह छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही. आणि व्याज पाहा: वर्षभर मोठी ठेव असूनही व्याज उत्पन्न सरासरी शिलकीच्या एक-दोन टक्केच असेल, तर पैसे वर्षभर तिथे नव्हते.

एम-स्कोअर, म्हणजे नफ्याच्या हेराफेरीची शक्यता मोजणारे सूत्र, वापरावे का?

चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. १९९९ मध्ये मांडलेल्या या सूत्रात आठ गुणोत्तरे आहेत आणि उत्तर उणे १.७८ पेक्षा जास्त आले तर संशय घ्यावा, असा संकेत आहे. सर्वांत जड वजन नफा आणि रोख यांतल्या तफावतीला, ४.६७९. सूत्र अमेरिकी कंपन्यांवर बेतलेले आहे. बँका व वित्तसंस्थांना लागू नाही, आणि विलीनीकरणाच्या वर्षी भलतेच उत्तर देते. वेगाने वाढणारी प्रामाणिक कंपनीही त्यात अडकते.

पर्यावरणाच्या नोंदींतूनच नफा हलवता येतो का?

येतो, आणि इथे लेखापरीक्षकही कच्चे असतात. खाण बंद केल्यावर जमीन पूर्ववत करण्याचा खर्च आजच तरतूद म्हणून दाखवावा लागतो. समजा २० वर्षांनी १०० कोटी लागणार. ७ टक्के दराने आजची तरतूद २५.८ कोटी, १० टक्के दराने १४.९ कोटी. दरातल्या तीन टक्क्यांनी ११ कोटींचे ओझे ताळेबंदातून गायब. तरतुदीच्या टिपेत दर दिलेला नसेल तर वार्षिक सभेत विचारा. दुसरी युक्ती दुरुस्ती-देखभालीचा खर्च 'हरित भांडवली गुंतवणूक' म्हणून मालमत्तेत टाकण्याची: नफा वाढतो आणि शाश्वतता अहवालात 'पर्यावरणपूरक भांडवली खर्चाची टक्केवारी' पण वाढते. तिसरी, वीस वर्षांच्या सेवाकराराचे उत्पन्न पहिल्याच वर्षी घेण्याची. इंडोनेशियाच्या गरुडा विमान कंपनीने २०१८ मध्ये १५ वर्षांच्या वायफाय कराराचे सुमारे २४ कोटी डॉलर एकदम महसुलात घेतले. देखरेख मंडळाच्या दोन सदस्यांनी पत्रकावर सही नाकारली. दुरुस्तीनंतर ५० लाख डॉलरचा नफा साडेसतरा कोटी डॉलरचा तोटा निघाला. सौर आणि साठवण प्रकल्पांचे दीर्घ करार वाचताना हे आठवावे.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सक्तीच्या सामाजिक खर्चाच्या, दोन टक्के नियमामुळे कंपन्या नफा कमी दाखवतात का?

मोठ्या कंपन्यांत याला अर्थ नाही. खर्च तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के असतो. नफा १० कोटींनी वाढवला तर पुढची तीन वर्षे वर्षाला सुमारे ६.७ लाख जादा. एवढ्यासाठी कोणी नफा दाबणार नाही. उंबरठ्यावर मात्र मोह असतो. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी ओलांडले तरी या खर्चाची सक्ती करणारे कंपनी कायद्याचे कलम १३५ लागते. पहिले दोन न ओलांडणाऱ्या मध्यम कंपनीचा नफा सलग वर्षे ४.८-४.९ कोटींवर घुटमळत असेल, तर तो योगायोग क्वचितच असतो.

खरा गैरप्रकार खर्चाच्या बाजूला आहे: संस्थेला धनादेश, काही टक्के कापून उरलेली रोख परत. २०२१ पासून संस्थेला नोंदणी क्रमांक लागतो, आणि न वापरलेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते. १ कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन फक्त त्याच कंपन्यांना सक्तीचे आहे, ज्यांचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा अधिक आहे. त्याखालच्या कंपन्यांत गावाचे नाव, लाभार्थी आणि संस्थेचा पत्ता आपणच तपासायचा.

अहवालावर बाहेरच्या तपासनिसाची 'हमी' असेल तर निर्धास्त राहावे का?

हमी कोणत्या दर्जाची ते आधी वाचा. 'मर्यादित' हमी म्हणजे मुख्यतः चौकशी आणि ढोबळ विश्लेषण; 'वाजवी' हमी म्हणजे नमुने काढून बिले, मीटर नोंदी तपासणे. कोअर आकड्यांसाठी सेबीने टप्पे ठरवले: २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, ५०० आणि २०२६-२७ मध्ये १,०००. मार्च २०२५ मध्ये 'हमी किंवा मूल्यांकन' असा पर्याय दिला गेला, जो आमच्या मते पातळ आहे. आणि हमीचा परीघ बघा: कधीकधी सातपैकी दोनच कारखाने त्यात असतात.

कंपनीतल्या माहिती गोळा करणाऱ्यांकडून कोणत्या चुका होतात?

महावितरणचे उच्चदाब बिल केव्हीएएचमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर-तास, युनिटपेक्षा वेगळे माप) आकारले जाते. तोच आकडा युनिट म्हणून उचलला जातो. टँकरच्या पाण्याला मीटर नसतो, म्हणून ते शून्य धरले जाते. मार्चचे बिल आलेले नसते, फेब्रुवारीचे पुन्हा लावले जाते. डिझेल जनित्राची युनिटेही मोजली जातात आणि त्याचे डिझेलही, म्हणजे ऊर्जा दोनदा. कंत्राटी कामगाराचा अपघात ठेकेदाराच्या वहीत राहतो. या चुकांमागे हेतू नसतो, पण खऱ्या हेराफेरीला त्यांची आयती आडोसा-भिंत मिळते. उपाय एवढाच: प्रत्येक आकड्यापुढे मूळ बिलाचा क्रमांक, आणि उलाढालीचा आकडा लेखा विभागाकडून लेखी.

शंका आली तर कुठे जायचे?

कंपनी सचिवाला लेखी प्रश्न पाठवा, आकडा आणि पान क्रमांकासह. वार्षिक सभेत तोच प्रश्न नोंदवा. समाधान झाले नाही तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार करता येते. कर्मचाऱ्याने कंपनीची जागल्या (व्हिसल-ब्लोअर) यंत्रणा वापरावी. नोंदणीकृत कंपनीत ती कायद्याने असते आणि लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येते. लेखापरीक्षकाबद्दलच तक्रार असेल तर ती राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएफआरएकडे. तक्रारीत 'घोटाळा' हा शब्द लिहू नका. दोन आकडे, दोन पाने आणि त्यांतला फरक लिहा.